‘सत्या’ की ‘कंपनी’? एकाच दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांतली आपली मुंबई

तिसरा मजला (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगतो, खाली दोन्ही सिनेमांचे शेवट उघड केलेले आहेत. पाहिले नसतील तर पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.

लागोपाठ दोन रविवारी राम गोपाल वर्मांचे ‘सत्या’ आणि ‘कंपनी’ पुन्हा पाहिले. ‘सत्या’ ३ जुलै १९९८ ला आला, ‘कंपनी’ १२ एप्रिल २००२ ला. मध्ये चार वर्षंही पुरती नाहीत. गप्पा निघाल्या की हल्ली बहुतेक जण ‘कंपनी’ला झुकतं माप देतात. जास्त सफाईदार, जास्त आखीव, अजय देवगणचं आयुष्यातलं सर्वात चांगलं काम, वगैरे. यातलं काहीच खोटं नाही. तरी मला ‘सत्या’ मोठा वाटतो, आणि का वाटतो ते या वेळी पाहताना नीट उमगलं.

‘सत्या’तल्या माणसांना घरं आहेत.

सत्या मुंबईत उतरतो तेव्हा त्याच्याकडे काही नसतं. गाव कोणतं, आईबाप कोण, काही कळत नाही आणि सिनेमा ते शेवटपर्यंत सांगत नाही. तबेल्यात झोपायचं, बारमध्ये राबायचं. भिकू म्हात्रेच्या (मनोज बाजपेयी) टोळीत गेल्यावर त्याला पहिली गोष्ट मिळते ती डोक्यावर छप्पर. आणि समोरच्या दारात राहते विद्या, गाणं शिकलेली, वडील अंथरुणाला खिळलेले. पुढचा सगळा सिनेमा त्या दोन दारांमुळे घडतो. ती शेजारीण नसती तर सत्याला जगायची ओढ लागली नसती, पळून जायचं मनात आलं नसतं, आणि शेवटी रक्ताने माखलेला तो त्याच दारापाशी येऊन मेलाही नसता.

भिकूलाही घर आहे. बाहेर ज्याच्या नावाने लोक चळाचळा कापतात त्याला घरी उशीर झाला म्हणून बायकोची, प्यारीची, बोलणी खावी लागतात. भांडण आणि लाड एकाच दमात चालतात. शेफाली शहाने ती बाई अशी उभी केली आहे की आपण तिला जिन्यात भेटलो असू असं वाटतं.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत. जानेवारी १९८२ चा संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत पुढे पगाराचा दिवस म्हणून काही उरलाच नाही. आमच्या मजल्यावर माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठा एक मुलगा होता. गणपतीत मंडळाची लायटिंग तोच करायचा. दातांनी वायर सोलायचा, आम्ही पोरं त्याला चिकटपट्टी तोडून द्यायचो. मग त्याच्या अंगावर नवे शर्ट दिसायला लागले. मग तो दिवस दिवस दिसेना. एका पहाटे गॅलरीत बुटांचा आवाज आला, दारं धडाधड वाजली, आणि आईने आम्हाला पांघरुणाखाली दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा त्याची आई रोजच्यासारखी रांगेत उभी होती. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. तिने एक हंडा डोक्यावर घेतला आणि दुसरा तसाच राहिला. माझी आई पुढे झाली, तो हंडा उचलला आणि तिच्या दारात नेऊन ठेवला. दोघीही एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यामुळे प्यारी पडद्यावर आली की मला सिनेमा वाटत नाही.

‘कंपनी’त हे नाही. ‘कंपनी’ हा फोनवरचा सिनेमा आहे. टोळीचा म्होरक्या मलिक (अजय देवगण) हाँगकाँगला, त्याचा उजवा हात चंदू (विवेक ओबेरॉय) पुढे केनियाला, आणि मरणारा मुंबईत. मंत्री रावतेंच्या खुनाचा प्रसंग आठवा. अपघात वाटावा अशी आखणी झालेली असते. ऐन वेळी चंदूला कळतं की गाडीत मुलं आहेत, तो काम थांबवायला सांगतो, आणि मलिक परस्पर हुकूम देऊन ते पुरं करून घेतो. दोघांची जिवाभावाची दोस्ती तिथे फुटते. पण फुटते ती कानाला लावलेल्या यंत्रातून, मधे हजारो मैलांचं अंतर ठेवून. आता ‘सत्या’त बघा. विरोधी टोळीच्या गुरू नारायणला उडवायला निघालेल्या भिकूला त्याचा राजकारणी बॉस भाऊ ठाकुरदास झवळे अडवतो, कारण तोंडावर निवडणूक. भिकूची तडफड आपल्याला हातभर अंतरावरून दिसते. सत्याच्या बोलण्याने तो भाऊचं न ऐकता गुरू नारायणला मारतो, खडकावर उभा राहून समुद्राकडे तोंड करून ‘मुंबई का किंग कौन’ म्हणून ओरडतो, आणि ते ओरडणं हीच त्याच्या मरणाची सुरुवात असते. भाऊ निवडून आल्यावर त्याला जवळ बोलावून, कसलीही चाहूल लागू न देता डोक्यात गोळी घालतो. बोलावणारा आणि मारणारा हात एकच. ‘कंपनी’त असा हात दिसत नाही.

तुमचं मत लिहा. ‘कंपनी’वाल्यांनी तर नक्की लिहा.

नऊबावीस

लेख आवडला, हंड्याचा प्रसंग तर फारच. पण निष्कर्षाशी असहमत.

‘कंपनी’त घर नाही ही तुम्ही उणीव म्हणून मांडली आहे. माझ्या मते तोच त्या सिनेमाचा विषय आहे. नाव बघा ना. टोळी नाही, गँग नाही, कंपनी. मुंबईत धंदा, मालक परदेशात. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर ही दुनिया मुंबईत राहिली नाही, दुबई, कराची, बँकॉक अशी पसरली. २००० सालच्या सप्टेंबरमध्ये बँकॉकमध्ये छोटा राजनवर हल्ला झाला, तो इस्पितळातून निसटला, आणि आपण सगळे ते पेपरात रोज वाचत होतो. चंदूवर केनियात हल्ला होतो तेव्हा ती बातमी प्रत्येक प्रेक्षकाच्या डोक्यात ताजी होती. अशा माणसांचं घर दाखवणार तरी कुठलं? ती हॉटेलच्या खोल्यांत आणि भाड्याच्या बंगल्यांत राहतात. तिथे शेजारी नसतो, समोरचं दार नसतं. मलिक एवढा गप्प का असतो? त्याच्याकडे बोलायला माणूसच उरलेला नाही म्हणून.

आणि दोस्तीचं म्हणाल तर मला मलिक आणि चंदूची जास्त खरी वाटते. सत्या आणि भिकू जेलमध्ये मारामारी करतात आणि लगेच एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात. ‘कंपनी’त मलिक चंदूला हेरतो, वापरतो, वाढवतो, आणि मग त्याच्या वाढण्याचाच त्याला त्रास व्हायला लागतो. कुठल्याही पेढीत, कुठल्याही पक्षात हे चालतं. कान भरणारे तर सगळीकडे असतात.

आंबेमोहोर

मी कोल्हापूरची. एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. मनोज बाजपेयी मूळचे बिहारच्या चंपारणचे. भिकूच्या बोलण्याचा ढंग त्यांनी आपल्या स्वयंपाक्याकडून उचलला, आणि तो स्वयंपाकी कोल्हापूरचा होता, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. हे कळल्यापासून मी भिकूचं बोलणं कान देऊन ऐकते. वाक्य पुढे ढकलायची ती पद्धत, शेवटच्या शब्दावरचा तो जोर, आमच्याकडे तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूस अस्साच बोलतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या स्वयंपाक्याचाही त्यात वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

कळवा खाडी

ताई, तुमचा मान राखून सांगतो, तिथेच माझं दुखणं आहे. म्हात्रे हे आमच्या आगऱ्यांचं आडनाव. ठाणे, पनवेल, उरण, अलिबाग, दर चार घरांत एक म्हात्रे. आमची बोली कोल्हापूरपेक्षा पार वेगळी. आमच्याकडे ‘ळ’ सहसा ऐकू यायचा नाही, ‘ड’चा बरेचदा ‘र’ होतो. भिकू म्हात्रे घरच्या माणसांशी बोलताना एकदा तरी तसं बोलायला हवा होता. बाजपेयींनी जीव ओतला यात वादच नाही. पण हिंदी सिनेमाला मराठी म्हणजे सगळं एकच वाटतं. नाव एकीकडचं, ढंग दुसरीकडचा. आणि मराठी नावाचा माणूस बहुतेक वेळा गुंड नाहीतर हवालदार, हेही आहेच. ‘कंपनी’तला चंदूसुद्धा नागरेच.

तरीही त्या खडकावरच्या प्रसंगाला आमच्या गावच्या पोरांनी थेटरात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, मीही त्यांत होतो. आपलं आडनाव पडद्यावर एवढ्या मोठ्याने ऐकायची सवयच नव्हती.

आंबेमोहोर

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. आता पुन्हा ऐकताना तेही जाणवणार.

निळी शाई

दोन सिनेमांच्या मध्ये काय घडलं ते मी माझ्या कामाच्या बाजूने सांगते. मी फौजदारी वकिली करते.

१९९८ मध्ये ‘सत्या’ आला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, आपण ज्याला मोक्का म्हणतो तो. त्याआधी टोळीतल्या बड्या माणसावर खटला उभा करणं फार अवघड होतं. साक्षीदार उभा राहत नसे, राहिला तर फिरत असे. शिवाय गोळी झाडणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, त्यामुळे सांगणाऱ्यापर्यंत पोचायला पुरावा नसे. मोक्काने टोळी चालवणं, टोळीच्या वतीने गुन्हा करणं हेच एक गुन्ह्याचं अंग मानलं. आणि या धाग्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं म्हणजे, रीतसर परवानगी घेऊन चोरून ऐकलेलं फोनवरचं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालू लागलं.

तेव्हा धागाकर्ते म्हणतात तो ‘फोनवरचा सिनेमा’ ही नुसती शैली नाही. जो फोन हे त्यांचं हत्यार होतं, त्याच फोनवर पोलीस कान लावून बसू लागले होते. ‘सत्या’तला कमिशनर आमोद शुक्ला किंवा इन्स्पेक्टर खांडिलकर बघा, त्यांच्या हातात पिस्तूल आणि लॉकअप एवढंच आहे, म्हणून चकमकी. ‘कंपनी’तला मोहनलालचा पोलीस अधिकारी श्रीनिवासन मात्र शांतपणे बसून वाट बघतो. कोण कुणावर चिडलंय, कोण दुखावलंय, याचा हिशोब मांडतो आणि दोघांच्या भांडणाचा उपयोग करून घेतो. मोहनलालचं हिंदी मल्याळी वळणाचं, सावकाश. त्या सावकाशपणाने तो अधिकारी जास्त खरा वाटतो. मला विचाराल तर ‘कंपनी’ श्रीनिवासनसाठी बघावा.

एक मात्र आहे. दोन्हीकडे चकमकींवर सिनेमा फार प्रश्न विचारत नाही. ‘सत्या’त कमिशनर मारला गेल्यावर पोलीस ज्या तऱ्हेने सुटतात त्याचं प्रेक्षकाला बरंच वाटतं. मला ते आजही खटकतं.

रीळ

तंत्राबद्दल थोडं. ‘सत्या’ला छायालेखक दोन. जेरार्ड हूपर हा अमेरिकन, आणि मझहर कामरान. मुंबईत न वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सिनेमाचा काही भाग टिपला गेलाय, म्हणून ओल्या भिंती, कळकट जिने, पावसाळी अंधार हे सगळं त्यात सजवून ठेवल्यासारखं दिसत नाही. ‘कंपनी’ हेमंत चतुर्वेदींनी टिपला. तिथे कॅमेरा सतत कशाच्या तरी आडून बघतो, खांद्यामागून, काचेतून, जमिनीलगत. कोणीतरी पाळत ठेवून आहे असं वाटत राहतं. निळी शाई यांच्या चोरून ऐकण्याच्या मुद्द्याशी हे जुळतं, आत्ता वाचताना लक्षात आलं.

पटकथा हा खरा फरक. ‘सत्या’ अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्लांनी लिहिला. शुक्ला स्वतः टोळीतला कल्लू मामा झाले, त्यामुळे टोळीतल्या रिकामटेकड्या गप्पांना जी चव आहे ती आतून आलेली आहे. ‘कंपनी’ जयदीप साहनींचा. त्यात प्रत्येक प्रसंग पुढच्या प्रसंगाला जोडलेला, एक कडी काढली तर साखळी तुटेल असा. ‘सत्या’तून पाच प्रसंग काढले तरी सिनेमा चालेल, पण मग तो ‘सत्या’ राहणार नाही.

गाण्यांबद्दल धागाकर्त्यांनी काहीच लिहिलं नाही. विशाल भारद्वाज आणि गुलजार यांची गाणी मी आजही ऐकतो. पण सत्या आणि विद्या भिजत फिरतात तेव्हा सिनेमा थांबतो, हे मान्य करायला हवं. ‘सपने में मिलती है’ची गोष्ट निराळी. आशाबाई आणि आपले सुरेश वाडकर, लग्नघर, आणि भिकू प्यारीसोबत नाचतो. ते गाणं काढलं तर पुढे प्यारीचं रडणं अर्ध्याने कमी होईल.

अवांतर: पुष्कळ जण ‘डी’ हा या मालिकेतला वर्मांचा तिसरा सिनेमा मानतात. तो २००५ चा, निर्मिती वर्मांची, पण दिग्दर्शन विश्राम सावंत यांचं. तुलना करताना तो यात धरू नये.

तिसरा मजला

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

नऊबावीस, निळी शाई, तुमच्या प्रतिसादांनंतर मला माझं म्हणणं थोडं बदलावं लागेल. ‘कंपनी’त घर नसणं ही चूक नाही, हे पटलं. १९९८ मध्ये मोबाइल खिशात असणं हीच मोठी गोष्ट होती, आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. चार वर्षांत तो फोन त्या दुनियेचा कणा झाला, आणि वर्मांनी ते हेरलं. दिग्दर्शक म्हणून ‘कंपनी’त ते पुढे गेले, हेही मानतो.

पण एका जागी मी हटणार नाही. थेटरातला प्रसंग. सत्या विद्याला घेऊन सिनेमाला जातो. बाहेर खांडिलकरने फिल्डिंग लावलेली. सगळी दारं बंद, एकच उघडं, एकेकाने बाहेर यायचं. सत्या गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी होते. माणसं तुडवली जातात. ही माणसं कोण? दोन मिनिटांपूर्वी आपल्यासारखीच सिनेमा बघत बसलेली. मी दादरला ‘सत्या’ पाहिला तेव्हा त्या प्रसंगाला माझ्या रांगेतल्या एका बाईंनी मुलाला ओढून मांडीवर घेतलं आणि बाहेर जायच्या दाराकडे वळून पाहिलं. मीही पाहिलं. तोपर्यंत आम्ही सगळे सत्याच्या बाजूचे होतो, त्याने सुटावं म्हणून श्वास रोखून बसलो होतो. तो सुटला, आणि त्याच्या सुटण्याची किंमत आमच्यासारख्यांनी मोजली.

‘कंपनी’त रावतेंच्या गाडीतली मुलं आहेत, हे खरं. पण त्या मुलांमुळे चंदूचं मन दिसतं, मुलं दिसत नाहीत. मरणाऱ्याच्या बाजूने बघायला तो सिनेमा थांबत नाही, कारण कंपनीला तेवढा वेळ नसतो. नऊबावीस म्हणतील, तोच तर विषय आहे. असेल. पण मला दोन्ही बाजू दाखवणारा सिनेमा जास्त धीट वाटतो.

कळवा खाडी, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. लालबागच्या चाळीत कोकणी, घाटी, आगरी सगळे होते, आणि जिन्यावरच्या नुसत्या ओरडण्यावरून कुणाचं घर ते कळायचं. सिनेमाला तो कान नव्हता.

नऊबावीस

थेटराच्या प्रसंगाबाबत माघार घेतो. तसा प्रसंग ‘कंपनी’त नाही.

पण राणीबाईला विसरू नका. सीमा बिस्वासने केलेली चंदूची आई. वस्तीत राहणारी, फटकळ, पोराच्या कमाईचा मार्ग ओळखून असलेली आणि तरी त्याच्या पाठीशी उभी राहणारी. हिंदी सिनेमात गुंडाची आई म्हटली की ती देवासमोर बसून पोराला टाकून देते. ही तसं करत नाही. तुम्ही लिहिलेल्या त्या नळावरच्या बाईंच्या जवळ कोणी जात असेल तर राणीबाई जाते, प्यारी नाही.

तिसरा मजला

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. खरं आहे. आईबद्दल लिहिलं आणि उदाहरण मात्र बायकोचं दिलं.

आंबेमोहोर

विचारू की नको असं झालं होतं, पण विचारते. त्या मुलाचं पुढे काय झालं? नसेल सांगायचं तर राहू दे, दादा.

तिसरा मजला

सांगतो. तो गेला. कसा ते इथे लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं आहेत अजून.

त्याची आई मात्र पुढे बरीच वर्षं चाळीत होती. संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायची, आईशेजारी पाटावर बसायची. एका रविवारी ‘सत्या’ लागला. आईने मला खुणेने बंद करायला सांगितलं, मी उठलोही, पण त्याच म्हणाल्या, असू दे रे. भांडीकुंडी राहू देऊन दोघी बघत बसल्या. गोळीबार चालला होता तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. भिकू पडला तेव्हाही नाही. प्यारी त्याच्या अंगावर पडून रडायला लागली, तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मला विचारलं, “हिला माहेर आहे का रे?”

मी आठवायचा प्रयत्न केला. सिनेमात ते कुठेच सांगितलेलं नाही.